शंभर मनुष्यवर्षांचे इंजिन

१/ बैलगाडीवर ठेवलेला उपग्रह! भारतीय अवकाश कार्यक्रमाचे हे छायाचित्र जगभर गाजले आणि अनेकांना त्यात केवळ दारिद्र्य दिसले. वास्तविक ‘ॲपल’च्या अँटेनाच्या चाचणीसाठी धातूचा अडथळा नसलेले वाहन हवे होते आणि लाकडी बैलगाडी त्या कामी सोयीची होती. या उपग्रहामागचे अर्थकारण मात्र क्वचितच सांगितले जाते.

२/ १९ जून १९८१ रोजी ॲपल अवकाशात गेला तो फ्रेंच गयानातील कुरू येथून, युरोपच्या ‘एरियन’ प्रक्षेपकाच्या तिसऱ्या चाचणी-उड्डाणात. भाडे द्यावे लागले नाही, पत्करावी लागली ती जोखीम. त्या एरियनच्या पहिल्या टप्प्यात ‘वायकिंग’ इंजिने होती आणि त्याच इंजिनासंबंधी भारताने १९७४ मध्ये एक विलक्षण करार केला होता.

३/ थोडी पार्श्वभूमी. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला, तो अमेरिकी बनावटीचा होता. १९६९ मध्ये इस्रोची स्थापना झाली. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रम साराभाई यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी सतीश धवन यांच्याकडे धुरा आली. स्वतःचा प्रक्षेपक अद्याप कागदावरच होता.

४/ इस्रोचा पहिला प्रक्षेपक एसएलव्ही-३ पूर्णपणे घन इंधनावर चालणारा होता. जड उपग्रहांसाठी मात्र शक्तिशाली द्रव इंधन इंजिन आवश्यक होते. ते शून्यातून घडवायचे तर दीर्घकाळ लागणार आणि विकत घ्यायचे तर परकीय चलन लागणार. १९७३ च्या तेलसंकटानंतर नेमके तेच चलन सर्वाधिक दुर्मीळ झाले होते.

५/ त्याच सुमारास फ्रान्समध्ये वेगळी निकड होती. ‘युरोपा’ प्रक्षेपकाच्या अपयशानंतर १९७३ मध्ये एरियनला मंजुरी मिळाली होती. त्याचे वायकिंग इंजिन विकसित करणाऱ्या ‘एसईपी’ या कंपनीपुढे कामाचा डोंगर होता. तिला कुशल हात हवे होते आणि भारताकडे कुशल हात होते.

६/ १९७४ च्या कराराचे सार असे : एसईपीने वायकिंगचे तंत्रज्ञान भारताला द्यावे आणि मोबदल्यात इस्रोच्या अभियंत्यांनी तिच्यासाठी १०० मनुष्यवर्षे काम करावे. मनुष्यवर्ष म्हणजे एका माणसाचे एका वर्षाचे श्रम. शंभर जणांनी एक वर्ष राबावे किंवा वीस जणांनी पाच वर्षे, हिशेब एकच. शिवाय इंजिनातील दाब मोजणारे हजारो ट्रान्सड्यूसर भारताने पुरवायचे होते.

७/ या व्यवहारातील मर्म येथे आहे. अभियंत्यांचे श्रम ही वरकरणी ‘किंमत’ होती, परंतु तेच शिक्षणही होते. फ्रान्समधील व्हेर्नाँ येथे काम करताना त्यांना आराखड्यात न लिहिलेल्या गोष्टी कळल्या : कोणता सांधा कुठे दगा देतो, चाचणी केव्हा थांबवावी, दोष कसा शोधावा.

८/ नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी हे ज्ञान भारतात आणले. १९८५ मध्ये ‘विकास’ इंजिन चाचणीत यशस्वी ठरले. १५ ऑक्टोबर १९९४ च्या पीएसएलव्हीच्या पहिल्या यशस्वी उड्डाणात दुसऱ्या टप्प्याचा भार त्यानेच वाहिला.

९/ धवन यांच्या काळात उत्पादनाची कामे उद्योगांकडे सोपवण्याचे धोरण रुजले. महाराष्ट्राचा वाटा येथे दिसतो. विकास इंजिने मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडू लागली, तर अग्निबाणांच्या मोटारींची कवचे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरात. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कारखान्याने अवकाशयुगाची अचूकता आत्मसात केली.

१०/ आता दुसरा व्यवहार पाहू. १९९१ मध्ये क्रायोजेनिक इंजिनासाठी सोव्हिएत ‘ग्लावकॉसमॉस’शी सुमारे २३५ कोटी रुपयांचा करार झाला. त्यात तंत्रज्ञानही मिळणार होते. १९९२ मध्ये अमेरिकेने क्षेपणास्त्र-तंत्रज्ञान प्रसाराचे कारण देत दोन्ही संस्थांवर निर्बंध लादले. १९९३ मध्ये रशियाने माघार घेतली. तयार इंजिने मिळाली, विद्या मिळाली नाही.

११/ रशियन इंजिनासह पहिले जीएसएलव्ही २००१ मध्ये उडाले. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचा पहिला प्रयत्न एप्रिल २०१० मध्ये फसला आणि यश आले ते ५ जानेवारी २०१४ रोजी. दोन्ही करारांची राजकीय परिस्थिती भिन्न होती, म्हणून तुलना जपूनच करावी लागते. तरीही एक भेद स्पष्ट आहे. पुढे यायचे ज्ञान कुणी अडवू शकते, हातात मुरलेले ज्ञान परत मागता येत नाही.

१२/ ‘गरीब देशाने अवकाशावर खर्च का करावा?’ हा प्रश्न साराभाईंच्या काळापासून विचारला जातो आणि तो गैर नाही. मात्र उत्तर केवळ अर्थसंकल्पातील आकड्यात शोधता येत नाही. खर्च कोणत्या स्वरूपात झाला आणि त्यातून देशात काय उरले, हेही पाहावे लागते. १९७४ मध्ये भारताने आपल्याकडे नसलेले चलन वाचवले आणि असलेले मनुष्यबळ गुंतवले.

१३/ १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन श्रीहरिकोटाहून एलव्हीएम-३ झेपावले. त्याच्या द्रव इंधनाच्या टप्प्यात दोन विकास इंजिने होती. शंभर मनुष्यवर्षांच्या त्या ठेवीवरचे व्याज एकोणपन्नास वर्षांनंतरही देशाच्या खात्यात जमा होत होते.