पोथ्यांसाठी बांधलेला मनोरा

माझा धाकटा भाऊ फरश्यांच्या व्यापारासाठी वर्षातून दोनदा चीनला जातो. गेल्या खेपेला मीही त्याच्याबरोबर गेलो आणि परतण्याआधी हट्टाने दोन दिवस शिआनला काढले. त्याला तिथली जुनी मशीद पाहायची होती, मला मनोरा. "भाईजान, बुतखान्यात एवढं काय आहे?" असं तो गाडीत म्हणाला. मी म्हटलं, पुस्तकं होती. त्याने खांदे उडवले.

चिनी भाषेत त्या मनोऱ्याला 'दायान ता' म्हणतात, म्हणजे मोठ्या रानहंसाचा मनोरा. पॅगोडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टोकं वर वळलेली, रंगीत लाकडी छपरं येतात. हा तसा नाही. मातकट विटांचा, चौकोनी, सात मजल्यांचा आणि सुमारे ६४ मीटर उंच. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा आखूड, प्रत्येक मजल्याला चारही दिशांना कमानीची खिडकी. तो किंचित कललेलाही आहे. शहराने जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की मनोऱ्याचा तोल सुमारे एक मीटरने ढळला. समोरच्या चौकात हातात दंड घेतलेल्या एका भिक्षूचा उंच पुतळा आहे. शाळेच्या इतिहासात आपण त्याला ह्युएनत्संग किंवा युआन श्वांग म्हणून भेटलो होतो. हल्लीचा उच्चार शुआनझांग.

मराठी वाचकाला हा माणूस परका नाही. इ.स. ६४१ च्या सुमारास तो आपल्या मुलखात आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात 'मो-हो-ला-छा' नावाचा देश आहे, दुसऱ्या पुलकेशीचा. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात, शरण आलेल्याला मारत नाहीत, असं त्याने लिहिलंय. हरलेल्या सेनापतीला बायकांचे कपडे देतात आणि तो शरमेने जीव देतो, लढाईआधी हत्तींना दारू पाजतात, हेही लिहिलंय. हा भाग आपण अभिमानाने सांगतो. त्याच पानांत या लोकांना अभ्यासाची आवड आहे आणि देशात शंभरेक विहार व पाच हजार भिक्षू आहेत अशीही नोंद आहे. ती सहसा कुणी सांगत नाही.

हिंदुस्थानात तो आला तो ग्रंथांच्या शोधात. चीनमधली बौद्ध ग्रंथांची भाषांतरं एकमेकांशी जुळत नव्हती, म्हणून मूळ पाहायला निघाला, तेही सरहद्द ओलांडायला बंदी असताना. ज्ञानासाठी चीनपर्यंत जा, अशी एक हदीस आपल्याकडे वाझमध्ये हमखास ऐकू येते. मुहद्दिसांनी तिची सनद कमकुवत ठरवली आहे, ते असो. हा माणूस ज्ञानासाठी चीनहून निघाला होता. नालंदेत शीलभद्र नावाच्या वृद्ध आचार्यांकडे शिकला आणि ६४५ मध्ये वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून परतला. खरं तर आणखी असायचे. सिंधू ओलांडताना तो स्वतः हत्तीवर होता, पोथ्या नावेत होत्या. वादळात नाव हेलकावली आणि पन्नास गठ्ठे नदीत गेले. ती हुरहूर त्याला सोडत नव्हती. पुढे ६५४ मध्ये बोधगयेच्या भिक्षूंना लिहिलेल्या पत्रात त्याने गुरूच्या निधनाचा शोक केला आणि सोबत बुडालेल्या ग्रंथांची यादी पाठवली, जमल्यास नकला पाठवा म्हणून.

उरलेल्या पोथ्या आगीपासून वाचवायच्या, म्हणून हा मनोरा. राजपुत्र असताना गाओझोंगने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ ६४८ मध्ये इथे मंदिर बांधलं होतं. त्याचं नाव 'त्स-अन', म्हणजे मायेचे उपकार. तो बादशहा झाल्यावर शुआनझांगने दगडी मनोऱ्याची परवानगी मागितली. दगडाचा खर्च फार, विटांचा बांधा, असं उत्तर आलं. राजवाड्यांतल्या मृत स्त्रियांची वस्त्रं आणि चीजवस्तू यांतून पैसा उभा राहिला. ६५२ मध्ये काम सुरू झालं तेव्हा पन्नाशीचा शुआनझांग स्वतः टोपलीतून विटा वाहत होता, असं त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. तो पहिला मनोरा पाच मजल्यांचा आणि आतून मातीने भरलेला होता, तो पन्नास वर्षंही नीट टिकला नाही. सम्राज्ञी वू झेत्यानच्या काळात, ७०१ ते ७०४ मध्ये, तो पुन्हा बांधला गेला. वरचं विटांचं आवरण मिंग काळातलं.

हंसाचं नाव मात्र मगधातून आलं. तिथल्या एका विहारातल्या भिक्षूंना ठरावीक अटींवर मांस चालायचं. एक दिवस ते मिळालं नाही. आकाशात हंसांची रांग पाहून एक जण थट्टेने म्हणाला, आज आमची सोय नाही, बोधिसत्त्वाला कळायला हवं. तोच एक हंस खाली कोसळून मेला. भिक्षू ओशाळले, त्यांनी हंस पुरला आणि वर स्तूप बांधला. भावाला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, अटी कोणत्या? प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिलेला, ऐकलेला नसावा आणि तसा संशयही नसावा. तो विचारात पडला. जेवणाच्या नियमांबद्दल आम्हा लोकांना लगेच आस्था वाटते.

दक्षिणेच्या दाराशी दोन्ही बाजूंना काळ्या शिळा आहेत, ६५३ च्या. शुआनझांगच्या भाषांतरांसाठी दोन बादशहांनी, बापाने आणि मुलाने, लिहिलेले मजकूर छू सुइल्यांग या नामवंत सुलेखनकाराच्या हातचे त्यांवर कोरले आहेत. एक शिळा उजवीकडून डावीकडे वाचायची, दुसरी डावीकडून उजवीकडे, दारापाशी जोडी जुळावी म्हणून. उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्याला ही जागा आपलीशी वाटते.

आत लाकडी जिने आहेत. सातव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत धाप लागली. वर पोथ्या दिसत नाहीत. चार खिडक्या आणि फोटो काढणारी गर्दी. पश्चिमेच्या खिडकीशी उभा राहिलो आणि जे मनात यायचं टाळत होतो तेच आलं.

नववीत आमच्या वर्गात नालंदेचा धडा संपला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "तुमच्याच लोकांनी जाळलं ना?" वर्ग हसला. गुरुजी खिडकीबाहेर पाहत राहिले. त्या दिवशी मला उत्तर आलं नाही. पुढे वाचन वाढलं तसं उत्तर तयार झालं, आणि ते मी गेली तीस वर्षं देतो आहे. मिनहाज-ए-सिराजने 'तबकात-ए-नासिरी'त बख्तियार खिलजीच्या स्वारीचं वर्णन केलंय, पण त्यात नालंदेचं नाव नाही. तो 'बिहारचा किल्ला' म्हणतो आणि बहुतेक इतिहासकार त्याला ओदंतपुरी मानतात. नालंदा त्यानंतरही काही काळ तग धरून होती. १२३५ च्या सुमारास धर्मस्वामिन हा तिबेटी भिक्षू तिथे गेला तेव्हा नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. हे सगळं बरोबर आहे. वादात ते कामी येतं, मी अनेकदा जिंकलोही आहे.

पण मिनहाजची ती ओळ मी वादात पूर्ण कधी सांगितली नाही. तो बख्तियारचा शत्रू नव्हे, दिल्लीच्या सुलतानांचा काझी. त्या स्वारीत असलेल्या दोन भावांपैकी एकाला लखनौतीत भेटून त्याने हकीकत लिहून घेतली. किल्ल्यातली मुंडण केलेली माणसं मारली गेली, तो सांगतो. मग पुष्कळ पुस्तकं सापडली. त्यांत काय आहे हे विचारायला लोकांना बोलावलं तर सांगणारं कुणी जिवंत नव्हतं. तेव्हा कळलं की तो किल्ला म्हणजे एक मदरसा होता. 'मदरसा' हा शब्द मिनहाजचाच. विहारासाठी त्याला आपल्याच घरातला शब्द सुचला. आणि धर्मस्वामिनचा माझा साक्षीदारही मी अर्धाच सांगत आलो. तो तिथे असताना तुर्की सैनिक आल्याची खबर आली, सगळे पळाले, आणि म्हाताऱ्या गुरूला त्याने पाठीवर घेऊन लपवलं.

नालंदा नव्हे, ओदंतपुरी. मदरसा हा नव्हे, तो. एवढंच माझं उत्तर होतं.

शुआनझांगने मरेपर्यंत, म्हणजे ६६४ पर्यंत, एकोणीस वर्षांत ७५ ग्रंथ, १,३३५ खंड चिनी भाषेत आणले. त्यांतल्या 'महाविभाषा'सारख्या ग्रंथाचं संस्कृत मूळ आज नाही, ते वाचायचं तर त्याचं चिनी वाचावं लागतं. राहुल सांकृत्यायन १९३० च्या दशकात तिबेटच्या मठांमधून असेच हरवलेले संस्कृत ग्रंथ शोधत फिरले. कुणी म्हणेल, चीनमध्ये काय कमी जाळलं? खरं आहे. ८४५ मध्ये वूझोंग बादशहाने ४,६०० मठ पाडले, दोन लाख साठ हजार भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठवलं. राजधानीत चारच मंदिरं राहू दिली, त्यांत हे एक. ही माहिती मला पाठ आहे, आणि ती पाठ का आहे हेही मला ठाऊक आहे. त्यांचंही माप काढून दाखवायला.

खाली उतरलो तेव्हा भाऊ बाकावर बसून फोनवर फरश्यांचा भाव करत होता. तिथून मशिदीकडे गेलो, जुन्या तटबंदीच्या आत, हुई मुसलमानांच्या मोहल्ल्यात. बाजारात मांस भाजल्याचा धूर, तिळाच्या मिठाया, दुकानांवर अरबी अक्षरं. परंपरा या मशिदीची स्थापना ७४२ ची सांगते, आजच्या इमारती मिंग काळापासूनच्या. अरबांचा पहिला वकील चिनी दरबारात आला तो ६५१ मध्ये, हजरत उस्मान यांच्या खिलाफतीत, अशी तांग बखरीत नोंद आहे. शहर हेच आणि बादशहाही तोच गाओझोंग. पुढच्या वर्षी त्याने मनोऱ्याच्या विटांना मंजुरी दिली.

मशिदीला घुमट नाही. उतरत्या निळ्या कौलांची छपरं, अंगणामागून अंगणं. चिनी मंदिरं दक्षिणेकडे तोंड करतात, ही पश्चिमेकडे सरकत जाते, किब्ल्याकडे. मधल्या अंगणात मिनार आहे आणि तो चक्क पॅगोडा आहे, आठ कोनी, तीन छपरांचा. त्याचं चिनी नाव 'शिंगशिन लोऊ', अंतःकरण तपासण्याचा मनोरा. भाऊ बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. "हा तर तुझ्या त्या मनोऱ्याच्या नात्यातला वाटतो," तो म्हणाला.

मगरीबची वेळ झाली. पांढरी टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याने खुणेने विचारलं आणि 'नमाज' हा एकच शब्द उच्चारला. आमचा आणि त्याचा शब्द तोच निघाला, दोघांनीही फारसीतून घेतलेला. आम्ही जोडे काढले आणि त्याच्या मागे आत गेलो.