मोडून जोडलेली गाडी

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी सकाळी ताईचा उमरग्याहून फोन. "अरे, तुझ्या भाच्याला काहीतरी सांग बाबा. मोडलेली गाडी घ्यायची म्हणतोय. ती पण दोनच माणसं बसायची! स्लॅबला ठेवलेले पैसे आहेत ते."

भाचा पुण्यात नोकरीला आहे. ताईच्या घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा म्हणून त्यानंच दोन-तीन वर्षं पैसे साठवले होते. ताईचा फोन ठेवतो न ठेवतो तोच त्यानं पाठवलेला फोटो आला. उघडला आणि खरं सांगतो मंडळी, आपण मामा आहोत हे दोन मिनिटं विसरूनच गेलो. लाल रंगाची, उघड्या टपाची सॅन स्टॉर्म!

ज्यांना ही गाडी आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कुर्ल्याची पद्मिनी आणि उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर बघत आमची पिढी मोठी झाली. स्पोर्ट्स कार ही सिनेमात किंवा मासिकाच्या रंगीत पानावर बघायची वस्तू. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस चक्क आपल्या शेजारी गोव्यात, वेर्ण्याला, सॅन मोटर्सनं अशी गाडी काढली. अंग फायबरचं, इंजिन फ्रान्सच्या रेनोचं, ११४९ सीसी आणि ६० अश्वशक्तीचं. आजच्या हिशेबानं ६० म्हणजे काहीच नाही, पण गाडी वजनाला हलकी आणि दिसायला अशी की माणसं थांबून बघायची. फार थोड्या निघाल्या, आणि पुढे बंदच पडल्या. तेव्हा मी मासिकातलं तिचं चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. (हसू नका. लग्न झालेलं होतं, म्हणून आतून!)

आता ती साडेतीन लाखांना, सोलापूरच्या अलीकडे एका शेडमध्ये उभी. विकणाऱ्यानं एक गोष्ट लपवली नव्हती. गाडी 'टोटल लॉस'मधली. गोव्यात अपघात झाला, विमा कंपनीनं मालकाला पैसे दिले, सांगाडा विकला गेला, तो यानं घेऊन दुरुस्त केला. ताईच्या भाषेत मोडलेली, भाच्याच्या भाषेत 'पूर्ण रिस्टोअर केलेली'. खरं कोण, हे ठरवायचं काम माझ्यावर.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे मुळापासून सुरुवात केली. हा 'टोटल लॉस' आला कुठून? तर समुद्रावरून. सतराव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये लॉइड नावाच्या माणसाच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे विमे उतरवणारे लोक जमायचे. जहाज बुडालं तर प्रश्नच नाही. पण खडकावर अडकलं असेल तर? ते ओढून आणून दुरुस्त करता येतं, पण त्याचा खर्च दुरुस्त झालेल्या जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त होणार असेल, तर ते बुडालं असंच धरायचं. विमेवाल्यानं पूर्ण पैसे द्यायचे आणि जे काही उरलं असेल ते आपण घ्यायचं. इंग्रजांनी १९०६ साली याचा कायदा केला, आपण १९६३ साली. नाव 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस'. म्हणजे जहाज पाण्यावर दिसतंय, पण हिशेबात बुडालंय.

तेच तत्त्व मोटारींना लागलं. आपल्याकडे १ जुलै २००२ पासूनच्या मोटार टॅरिफमध्ये ते आकड्यात आलं. विमा उतरवताना गाडीची जी किंमत धरतात (आयडीव्ही म्हणतात ती), तिच्या ७५ टक्क्यांवर दुरुस्तीचा खर्च गेला की गाडी निकालात. ही किंमत दरवर्षी उतरते. चार वर्षं उलटली की ५० टक्के घट, आणि पाच वर्षांनंतर गिऱ्हाईक आणि कंपनी मिळून ठरवतील ती. म्हणजे वीस वर्षं जुन्या गाडीची किंमत समजा दीड लाख धरली, तर १,१२,५०० रुपयांच्या वरची कुठलीही दुरुस्ती तिला 'मारून' टाकते. त्यात जिचे सुटे भाग बाजारातच मिळत नाहीत अशी गाडी असेल तर एक दार, एक दिवा आणि एक रेडिएटरसुद्धा पुरे!

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. कुणाच्या अंगावर साधा ओरखडा नाही, पण आतलं वायरिंग आणि इंजिन भिजलेलं. त्याही हिशेबात बुडाल्या. म्हणजे टोटल लॉस हा मेकॅनिकचा निकाल नसतो, कारकुनाच्या वहीतला असतो. भाच्याला फोन करून हे सांगितलं तर स्वारी एकदम खूश. "म्हणजे घ्यायची ना, मामा?"

थांब म्हटलं. वहीतला निकाल गाडी वाईट आहे असं सांगत नाही, तसा ती चांगली आहे असंही सांगत नाही.

आणि इथे मला आमचं गावाकडचं घर आठवलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कुणाला सांगायला नको. चारला पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच गेली. आमचं घर तडे जाऊन उभं राहिलं. पुढे १९९४ मध्ये पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, त्यातही हाच प्रश्न होता. काय पाडायचं, काय दुरुस्त करायचं? ५२ गावं नव्या जागी हलवली. आणि ज्यांची घरं तडे जाऊन उभी होती त्यांना दुरुस्ती आणि मजबुतीसाठी मदत मिळाली.

वडिलांना वाटलं, तडे बुजवून गिलावा केला की झालं. आलेल्या इंजिनिअरनं मात्र भिंतीला आरपार भोक पाडायला लावलं. आमच्या दगडी भिंती दोन फुटांवर जाड, पण प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती आणि खडीचा भराव. वर माळवदाचं ओझं. हादरा बसला की दोन्ही बाजू फुगतात, सुटतात, आणि वरचं सगळं खाली येतं. आमच्याही भिंतीच्या बाजू आतून सुटल्या होत्या, बाहेरून फक्त बोटभर चीर. मग ठिकठिकाणी अशी भोकं पाडून, सळई घालून काँक्रीट भरलं, दोन्ही बाजू एकमेकींना बांधल्या. ते घर आजही उभं आहे. दुरुस्त केलेली वस्तू वाईट असते असं म्हणायला म्हणूनच माझी जीभ उचलत नाही. पण भोक पाडल्याशिवाय झालेल्या दुरुस्तीवर विश्वासही बसत नाही.

पुढच्या रविवारी भाचा, मी आणि तुळजापूरचे एक जुने मिस्त्री, असे तिघं गेलो. गाडी काय दिसत होती! भाचा तर तिच्याभोवती प्रदक्षिणाच घालायला लागला. मिस्त्री मात्र सतरंजी टाकून सरळ खाली शिरले. फायबरच्या अंगाचं वैशिष्ट्य असं की पत्र्यासारखा पोचा राहत नाही. फुटलं तर राळ आणि काचेच्या धाग्यांचं कापड लावून घासलं, रंग मारला, की नवं. म्हणजे तो गिलावाच म्हणा ना! खरी गाडी आतल्या लोखंडी सांगाड्यात. मिस्त्रींनी टेप लावून दोन्ही बाजूंच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मोजलं, मग कर्ण मोजले. एका बाजूला जवळजवळ बोटभर फरक. पुढच्या डाव्या बाजूला नवं वेल्डिंग, त्यावर जाड काळा रंग.

"सरळ करता येईल," मिस्त्री म्हणाले, "पण आधी किती वाकलं होतं ते कळलं पाहिजे."

विकणाऱ्याला सर्व्हेअरचा अहवाल आणि अपघाताचे फोटो मागितले. तो म्हणाला, "पेपर क्लिअर आहेत, काळजी करू नका." पेपर बघितले. आर.सी. अजून गोव्याच्या पहिल्या मालकाच्याच नावावर! मधले दोन हात कागदावर नाहीतच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार खटल्यात सांगितलंय की गाडी कितीही हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीतला मालकच जबाबदार. म्हणजे तो गोव्याचा गृहस्थ आपली गाडी भंगारात गेली समजून शांत झोपत असणार, आणि इकडे ही रस्त्यावर. शिवाय टोटल लॉस गाड्यांचे कागद घेऊन चोरीच्या गाड्यांवर तेच नंबर ठोकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ही तशी असेल असं नाही. पण नाही असं सांगणारा एकही कागद समोर नव्हता. इंग्लंडमध्ये अशा गाडीवर कायमचा वर्ग लागतो, सांगाडा दुखावला असेल तर 'एस', नसेल तर 'एन'. आपल्या आर.सी.त तसा रकानाच नाही.

येताना तुळजापूरला चहा प्यायलो. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तुम्हाला पण आवडली होती ना?" आवडली होती रे बाबा. तुझ्यापेक्षा वीस वर्षं आधीपासून आवडली होती. पण अहवाल मिळाला असता, मोजमापं जुळली असती, तर तुझ्या आईशी मीच भांडलो असतो. टोटल लॉस म्हणून नाही म्हणत नाही, आतलं कुणी दाखवायला तयार नाही म्हणून नाही म्हणतोय.

त्यानं विकणाऱ्याला आठ दिवसांची मुदत दिली. अहवाल काही आला नाही. गाडी घेतली नाही.

असो. ताईकडे स्लॅबचं काम सुरू झालंय. काँक्रीट पडायच्या आदल्या संध्याकाळी भाचा वर चढून बांधलेल्या सळयांचे फोटो काढत होता. ताई खालून ओरडली, "लोखंडाचे कसले फोटो काढतोस रे?" तो म्हणाला, "उद्या झाकलं जाणार, मग कुणाला दिसणार?"