खंजिरीवरचें अर्थशास्त्र

महाविद्यालयांतून अर्थशास्त्र शिकविणाऱ्या आम्हां मंडळींस एक गोष्ट मनांतून झोंबते: फळ्यावर आकृत्या काढून जें साधत नाहीं, तें वर्ध्याच्या आसपास खंजिरीनें पुष्कळसें साधलें.

१९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन त्याचें ठाणें वर्ध्यास पडलें. त्याचे चिटणीस कुमारप्पा हे कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकलेले. घाण्याचें तेल, हातसडीचा तांदूळ, गांवचा पैसा गांवांतच खेळता राहणें. विचार भक्कम, पण मांडलेला इंग्रजींत! तो कास्तकाराच्या कानीं पडावा कसा?

१९३६ सालीं गांधींनीं तुकडोजी महाराजांस शेगांवीं, म्हणजे पुढच्या सेवाग्रामीं, बोलावून सुमारें महिनाभर ठेवून घेतलें. महाराजांचें शालेय शिक्षण बेताचें; पण त्यांच्या भजनास गांव लोटे. श्रम, ग्रामोद्योग, लग्नकार्यांतील उधळपट्टी हे विषय त्यांनीं चालीवर बसविले, व १९५५ च्या ग्रामगीतेंत ते ४१ अध्यायांतून ओवीबद्ध केले. ऐकणारा येई तो महाराजांच्या नांवासाठीं आणि चालीसाठीं. घरीं जातांना कर्जाचा विचार बरोबर नेई.

तथापि एक उणीव आम्हांस दिसते. हिंगणघाटचा कापूस एके काळीं विलायतच्या बाजारांत नांवानें ओळखला जाई, आणि त्याचा भाव गांवांत ठरत नसे. काटकसर कर, सूत कात, एवढें भजन सांगूं शकतें. भाव कां पडला, हें चालीवर बसत नाहीं. त्यासाठीं कुमारप्पांनीं १९३९ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांतील उद्योगांची पाहणी केली, तसले रुक्ष हिशेबच उघडावे लागतात. ते गाऊन दाखविणारा मात्र आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं.