सेदू केइता : बामाकोचा फोटोवाला

फिल्मवर काम केलेल्या छायाचित्रकारांत माझा सर्वांत आवडता मालीचा सेदू केइता. सुतारकाम करणारा हा मुलगा शाळेत कधी गेलाच नाही. १९३५मध्ये काकांनी सेनेगलहून कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा आणून दिला. फिल्म धुणं तो शिकला मुंतागा देम्बेले यांच्याकडून. ते पेशाने शिक्षक, हे वाचून मला उगाच बरं वाटलं!

१९४८मध्ये बामाकोत त्याने स्टुडिओ थाटला. मालीवर तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं. गोऱ्यांच्या कॅमेऱ्यासमोर आफ्रिकी माणूस बऱ्याचदा निव्वळ नमुना असे. केइताकडे मात्र तो पैसे देऊन, हवा तसा नटून बसे. सूट, घड्याळ, रेडिओ, अगदी स्कूटरही स्टुडिओत मिळे. एका फोटोत पांढऱ्या कोटातला, जाड चष्म्याचा तरुण हातात एकच फूल धरून उभा आहे. काय ऐट त्याची!

१३ बाय १८ सेंटिमीटरची फिल्म महाग, म्हणून बहुधा एका गिऱ्हाइकाला एकच क्लिक. उजेड अंगणातला, मागे नक्षीची चादर.

१९६२मध्ये तो सरकारी छायाचित्रकार झाला, स्टुडिओ बंद पडला. १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्याचे फोटो लागले, तेव्हा खाली लिहिलं होतं : छायाचित्रकार अज्ञात. केइता तेव्हा बामाकोतच राहत होता. शोध घेत माणसं त्याच्यापर्यंत पोहोचली आणि १९९४मध्ये पॅरिसला त्याच्या नावाने प्रदर्शन भरलं. कोणता फोटो कधीचा, हे तो मागची चादर पाहून सांगायचा. दोन-तीन वर्षांनी ती बदलत असे ना!