धुळ्याच्या भिंती आणि भट्टीचे शिखर

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली आपल्या धुळ्यात निवर्तले. जुन्या दप्तरांसाठी त्यांनी आयुष्यभर पायपीट केली. साक्रीच्या माळावर त्याहूनही जुने दप्तर उघडे पडले आहे. मैलोगणती गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती! त्या कोणा राजाने बांधलेल्या नव्हेत. भूमीच्या भेगांत गोठलेला तो शिलारस होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी खानदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. त्याच्याखाली पेटलेला विस्तवच आज येथून सुमारे पाच हजार किलोमीटरांवरील रियुनियन बेटात, ‘पितों द ला फुर्नेज’ म्हणजे भट्टीचे शिखर या २,६३२ मीटर उंच पर्वतावर वारंवार उसळतो, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूमी उत्तरेस सरकली, विस्तव मागे राहिला. आपली कपाशीची काळी माती त्याच खडकाची, आणि भिक्षूंसाठी कोरलेला अजिंठ्याचा कातळही.