बारीक विणीची विद्या

श्रोतेहो, सोलापूर म्हटलं की चादर आठवते. उभा-आडवा धागा नीट बसला तरच वीण पक्की होते, हे इथल्या विणकराच्या पोरालाही ठाऊक असतं. आजची गोष्ट त्याहून कितीतरी बारीक विणीची आहे.

एका मीटरचे शंभर कोटी भाग करा. त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. १८५७ साली फॅरडे यांनी सोन्याचे असे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले, तेव्हा ते पाणी माणकासारखं लाल दिसलं. सोनं तेच, आकार घटला नि रंग पालटला! १९७४ साली जपानच्या तानिगुची यांनी या विद्येला ‘नॅनोतंत्रज्ञान’ हे नाव दिलं.

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालं; २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं ओळखलं जातं. तिथल्या संशोधकांनी पॉलिअ‍ॅनिलिनच्या पातळ थरांपासून अमोनिया वायू ओळखणारे संवेदक तयार केले. वायू थराला भिडला की थराचा विद्युतरोध बदलतो. तीच धोक्याची खूण. कण जितके बारीक, तितका वायूला भिडणारा पृष्ठभाग अधिक.

गुरुजनहो, हे तत्त्व शिकवायला महागडी यंत्रं नकोत. खडीसाखर नि पिठीसाखर पाण्यात टाका. आधी काय विरघळतं ते मुलांनाच पाहू द्या. मग ती ‘का?’ विचारतील. तो प्रश्न दाबू नका. तो कधीच न विचारता पदवीपर्यंत पोचलेली मुलं माझ्या वर्गात येतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. विद्यापीठ जिल्ह्यात आलं खरं. पण त्याची वाट तुमच्याच शाळेतून जाते.