वाटाण्यांचा हिशेब

मेंडेलबद्दल वाचताना मला त्याच्यातला मास्तरच आधी दिसतो. ब्रनो गावच्या मठातला हा साधू शिक्षकाच्या परीक्षेत १८५० साली चक्क नापास झाला! तरी तो बदली शिक्षक म्हणून शिकवत राहिला, आणि मठाच्या बागेत वाटाणे मोजत राहिला. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे गोल. त्यांच्या पुढच्या पिढीत ७३२४ दाणे: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले (नापास झाला तोच आकडा, गंमत पाहा). म्हणजे जवळजवळ तीनास एक. नाहीशी झालेली सुरकुती नातवंडांत परत आली, म्हणजे मधल्या पिढीत ती आत शाबूत होती. जनुक हा शब्दही नसताना, काही न दिसता, त्याने हे नुसत्या मोजणीवरून ताडले. १८६६ साली निबंध छापला. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८८४ साली तो वारला. १९०० साली इतर संशोधक स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले, तेव्हा कुठे त्याचा निबंध उघडला गेला.